टँकचा खरा उन्हाळा जुलैत असतो

आमच्या किचनमधल्या कालनिर्णयवर दुधाच्या लिटरशेजारी बाबा अजून एक आकडा लिहितात, माझ्या टँकचं, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या फिशटँकचं टेंपरेचर. सकाळचा चहा घेऊन टँकसमोर उभं राहायचं, चष्मा कपाळावर सरकवून थर्मामीटर बघायचा आणि पेनाने चौकोनात आकडा टाकायचा, रिटायर झाल्यापासूनचा नेम आहे त्यांचा. मागच्या डिसेंबरात नवीन कॅलेंडर लावताना जुनं सहज चाळून राहिलो होतो, तर मे महिन्यात सगळीकडे २६, २७, २७ आणि जुलैत २९, ३०, ३०, एका दिवशी तर ३१. मला आधी वाटलं बाबांची पानं उलटसुलट झाली. नागपूर आहे हे, मे मधे बाहेर ४५, गाडीच्या सीटवर पापड भाजून निघेल, तेव्हा टँक २७ वर, आणि पाऊस पडून सगळे खुश होऊन भजी तळून राहिले तेव्हा टँक ३० वर?

तर त्या पानांवरून या वर्षी बरंच काही बदललं आणि बरेच पैसे गेले, ते सगळं एकदा लिहून टाकतो. कोणी विचारलं की फोनवर अर्धा तास सांगावं लागतं, त्यापेक्षा हे बरं.

टँक आहे ३ फूट बाय दीड बाय दीड, त्रिमूर्ती नगरच्या घरात हॉलमधे, खाली संप (पंप-फिल्टरची दुसरी टाकी), दगड वाळू वजा करून साधारण २०० लिटर खारं पाणी. झिरो माईलच्या गावात समुद्र पाळायचा म्हणजे लोक आधी हसतातच. पहिला प्रश्न नेहमी एकच, खायचे आहेत का हे मासे? दुसरा, मुंबईहून पाणी आणता का? आणि तिसरा आईचा, जो ती अजूनही विचारते, की एवढं महागाचं मीठ कशाला, आपलं साधं मीठ का नाही चालत. साध्या मिठात जवळपास सगळं सोडियम क्लोराईडच असतं आई, समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट सगळं असतं, आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम लागतं. यावर तिचं म्हणणं असं की एवढ्यात वर्षभराचं लोणचं होतं.

आता चूक नंबर एक. पैसे हातात आले की माणूस आधी दिसणारी वस्तू घेतो. मी लाईट घेतली. भारीतली एलईडी, मोबाईलवरून सूर्योदय सूर्यास्त, ढग सुद्धा. हॉल एकदम क्रूझच्या जाहिरातीसारखा दिसायला लागला आणि तीन आठवड्यात दगडांवर हिरवे केस. खरंच केस, बोटाला गुंडाळता येतील असे. लाईट वाढली म्हणून शेवाळ वाढलं हे तर झालंच, पण त्याला खायला कुठून मिळून राहिलं होतं ते कळायला मला चार महिने लागले, आणि उत्तर किचनमधे होतं.

मी टँकमधे घरच्या आरओचं पाणी टाकत होतो. मला वाटायचं आरओ म्हणजे आरओ. सुरुवातीला टीडीएस, म्हणजे लिटरमधे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते, मोजला होता तेव्हा १५ होता, चालवून घेतला. पण मधे आईने सर्व्हिसवाल्या भाऊला सांगितलं की पाणी फिक्कं लागते, तर त्याने टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू फिरवून दिला. हा स्क्रू काय करतो तर मेंब्रेनच्या, म्हणजे आरओच्या मुख्य गाळणीच्या, आधीचं थोडं पाणी, म्हणजे नळाचंच, शुद्ध पाण्यात परत मिसळतो. प्यायला काही वाईट नाही, उलट चव येते. टीडीएस झाला ८०. आणि मी तेच पाणी रोज टँकमधे ओतून राहिलो होतो. उन्हाळ्यात माझ्या टँकमधून दिवसाला ८ लिटर पाणी उडतं, उडताना ते नुसतं पाणी उडतं, आत आलेलं बाकी सगळं आतच राहतं. ८० चा टीडीएस, रोज ८ लिटर, दोन महिने, म्हणजे जवळजवळ ४० ग्रॅम काहीतरी मी टँकमधे भरलं, ज्यात नायट्रेट किती, सिलिकेट किती, फॉस्फेट किती, देव जाणे. केस उगवतील नाही तर काय होईल.

मग टँकसाठी वेगळं युनिट बसवलं वॉश बेसिनजवळ, सेडिमेंट (गाळाचा फिल्टर), दोन कार्बन ब्लॉक, मेंब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन. डीआय म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे, ते रंग बदलतात, संपत आले की कळतं. बाहेर येतं ते शून्य टीडीएस. कार्बन दोन काऊन, तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेंब्रेनलाच खातं, आणि टीडीएस मीटरला क्लोरीन कळत नाही, म्हणून मीटरवर शून्य दिसलं म्हणजे सगळं झालं असं नसतं, कार्बन वेळेवर बदलायचाच. ही सगळ्यात कंटाळवाणी वस्तू आहे, पाहुण्यांना दाखवता येत नाही, आणि आतापर्यंत घेतलेल्यात सगळ्यात कामाची हीच निघाली. लाईटच्या आधी हे घेतलं असतं तर ते चार महिने टूथब्रशने दगड घासत बसलो नसतो.

पण नागपुरात यालाही एक फाटा आहे. मे मधे दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, आंघोळीला गीझर लागत नाही ते माहीतच आहे सगळ्यांना. मेंब्रेनचे आकडे २५ डिग्रीच्या पाण्याचे असतात. पाणी गरम झालं की धार तर जोरात येते, तुम्ही खुश, पण क्षार पण जास्त निसटून जातात आणि डीआय रेझिन भसाभस संपतं, आणि ४५ च्या वरचं पाणी तर मेंब्रेनला मंजूरच नाही. मी मागच्या वर्षी एका महिन्यात एक अख्खं रेझिन संपवून दुकानदाराला शिव्या देत होतो, बिचाऱ्याची काही चूक नव्हती. आता उन्हाळ्यात पहाटे पाचला उठून पाणी भरतो, तेव्हा टाकी त्यातल्या त्यात थंड असते. आणि वाया जाणारं पाणी? एक बादली चांगली तर तीन बादल्या टाकाऊ निघतात. बाबांनी ते कूलरमधे टाकायला सुरुवात केली, दोन आठवड्यात खसाच्या ताट्यांवर पांढरा थर, कारण त्या पाण्यात क्षार दाट झालेले असतात. आता ते फरशीला आणि गाडी धुवायला.

खारटपणाचा किस्सा छोटा आहे पण लाज आणणारा आहे. माझा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, मी शुद्ध पाण्यावर शून्य करून वापरायचो, टँक ३५ दाखवायचा, मी निवांत. एका मित्राने ३५ चं स्टँडर्ड द्रावण दिलं, त्यावर माझा यंत्र ३८ सांगून राहिला. म्हणजे दीड वर्ष माझा समुद्र ३२ चा होता. झोअँथिड (फुलासारखे उघडणारे छोटे कोरल) अर्धवट उघडून का बसतात याच्यावर मी किती थिअऱ्या लावल्या होत्या बे. एकदम वाढवायचं नसतं, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी थोडं थोडं खारं पाणी टाकत दोन आठवड्यात ३५ वर आणलं. शून्यावर बरोबर असलेला काटा ३५ वर पण बरोबर असेलच असं नाही, तेव्हा जिथे मोजायचं तिथेच तपासा.

त्यानंतर एटीओ, म्हणजे ऑटो टॉप ऑफ, घेतला. पाण्याची पातळी खाली गेली की सेन्सर छोटा पंप चालू करतो आणि बाजूच्या टाकीतून गोडं पाणी टाकतो. आधी मी हे आळशी लोकांचं खेळणं समजायचो. पण हिशोब करा, २०० लिटरमधून एका दिवसात ८ लिटर उडाले तर ३५ चे साडेछत्तीस होतात, दोन दिवस लग्नाला वर्ध्याला जाऊन आलात तर ३८. पुण्या-मुंबईच्या लोकांचं दिवसाला दोन-तीन लिटर जातं, त्यांना नाही कळणार हे दुःख.

आणि याच कारणाने त्यांचे सल्ले इकडे जसेच्या तसे चालत नाहीत. पुण्याच्या एका मित्राने सांगितलं की एटीओच्या पाण्यात काल्कवासर टाक, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) दोन्ही आपोआप सांभाळली जाते. काल्कवासर म्हणजे भारी जर्मन नाव आहे पण वस्तू आहे चुन्याची निवळी. खर्ऱ्यातला चुनाच तो, फक्त शुद्ध ग्रेडचा, पानठेल्यावरचा टाकू नका. मी पावडर मागवून पण ठेवली. नशीब माझं की टाकायच्या आदल्या रात्री कागद घेऊन बसलो. गच्च निवळी ८ लिटर रोज २०० लिटरमधे गेली तर दिवसाला ४ डीकेएचच्या (हे तिचं माप) वर अल्कलिनिटी चढते. ठेवायची असते ती एकूण ७ ते ११ च्या मधे कुठेतरी, आणि ती सुद्धा न हलवता. दोन दिवसात टँकमधे बर्फ पडल्यासारखा चुना खाली बसला असता. माझ्याकडे तसंही सगळे सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले, त्यांना कॅल्शियम फारसं लागत नाही, दर रविवारी २० लिटर पाणी बदललं की ४२० च्या आसपास कॅल्शियम, १३०० च्या आसपास मॅग्नेशियम आपसूक राहतं. पावडरचा डबा तसाच पडलाय.

सॉफ्ट कोरलच का, हे पण बरेच जण विचारतात, फोटो पाठवतात रंगीत फांद्यांचे आणि म्हणतात असं लाव ना. तर भाऊ, आपल्याकडे २००१ पासून सगळे दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एक मधे आहेत, वाघाच्या रांगेत. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी यांना पण त्याच कायद्याचं संरक्षण आहे. समुद्रातून काढलेला लाईव्ह रॉक, ज्याच्यावर बारीक जीव वसलेले असतात तो दगड, म्हणजे बहुतेक वेळा मेलेल्या कोरलचा सांगाडाच असतो, म्हणून तो पण मी घेत नाही. माझे दगड कारखान्यात बनवलेले सिरॅमिकचे आहेत, दीड वर्षात त्यांच्यावर जांभळा थर चढला आणि आता कोणाला सांगितल्याशिवाय कळत नाही. कोरल म्हणाल तर झोअँथिड, मशरूम, एक लेदर, आणि काचेवर पसरत चाललेला हिरवा स्टार पॉलिप. क्लाउनफिशची जोडी टँकमधेच जन्मलेली, त्यांची पैदास आता आपल्या देशात होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने त्याचं तंत्र बसवून दिलंय. समुद्रातून धरलेल्या माशापेक्षा हे खाण्याच्या बाबतीत पण सोपे, पहिल्या दिवसापासून गोळ्या खातात. मी खरा कोरल पहिल्यांदा पाहिला तो मालवणला स्नॉर्केलिंग करताना, नाकात पाणी जाऊन खोकत, आणि तेव्हाच डोक्यात किडा शिरला. ते तिथेच शोभतात, तिथेच असू दे.

आता चूक नंबर दोन, जी नंबर एक पेक्षा मोठी आहे. पाणी सुधारलं, केस कमी झाले, आणि मला जोर चढला. एकाच आठवड्यात टँकला लागतो त्याच्या दुप्पट साईजचा प्रोटीन स्किमर लावला आणि फॉस्फेट शोषणारं लोखंडी ऑक्साईडचं रिअॅक्टर पण. स्किमरचं काम मस्त आहे, बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि फेस होऊन वर कपात जमा होते, आपण डाळ शिजवताना वरचा फेस काढतो ना, तसंच. रोज कपात काळा चहा. मी फोटो टाकून राहिलो सगळीकडे. नायट्रेट २५ वरून महिन्याभरात शून्य, फॉस्फेट शून्य. मला वाटलं जिंकलो.

पंधरा दिवसांनी वाळूवर तपकिरी चिकट शेंबडासारखे धागे, त्यात अडकलेले बुडबुडे, सकाळी कमी, दुपारी लाईटखाली भरपूर. डायनोफ्लॅजलेट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव. पाण्यात खायलाच काही उरलं नाही की शेवाळ आणि चांगले बॅक्टेरिया उपाशी मरतात, आणि हे डायनो एवढे चिवट की ते रिकाम्या जागेत पसरतात. आणि त्यातले काही विषारी. माझ्या सगळ्या गोगलगायी गेल्या, अकरा. पोरीने त्यांना नावं ठेवली होती त्यामुळे घरात दोन दिवस सुतक.

यातून बाहेर यायला दोन महिने लागले. रिअॅक्टर काढून टाकला, स्किमर अर्धा वेळ बंद, माशांना मुद्दाम जास्त खायला, नायट्रेट ५ च्या वर आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास धरून ठेवलं, तीन दिवस टँकला काळी चादर, आणि रात्री पाण्यात पोहायला सुटतात त्या जातीचे होते म्हणून पाण्याच्या वाटेत यूव्ही दिवा लावला तो कामी आला. उपास घडवून टँक साफ होत नाही हे माझ्या डोक्यात अकरा गोगलगायी मेल्यावर शिरलं. आणि तेव्हापासून घरात नियम आहे, बायकोने केलेला, की एका महिन्यात एकच वस्तू. तिचा हेतू वेगळा आहे पण नियम बरोबर आहे.

हां, तर टेंपरेचर. बाबांच्या पानांकडे परत येतो.

मी टँकवर दोन छोटे पंखे लावलेत, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे. बाबांनी पहिल्याच दिवशी बघून म्हटलं होतं, "म्हणजे हा कूलरच झाला ना रे." अगदी तेच. १ लिटर पाणी उडताना युनिटच्या दोन तृतीयांश एवढी उष्णता सोबत घेऊन जातं, ८ लिटर म्हणजे पाच युनिटच्या वर, चोवीस तास सव्वादोनशे वॅटने कोणीतरी टँक थंड करत बसल्यासारखं, आणि पंख्यांचं बिल नगण्य. पण कूलर पावसाळ्यात कसा चालतो ते नागपूरकराला सांगायला नको. नुसता दमट वारा, चादर चिकटते. टँकच्या पंख्यांचं पण तेच होत होतं आणि मी, कूलरच्या गावात जन्मलेला माणूस, हे तीन वर्षं न कळता बसलो.

बाबांनी मग प्रयोग केला. साधा थर्मामीटर, टोकाला ओलं फडकं, समोर टेबल फॅन. शाळेत असतो तो. मे मधे हॉलच्या खिडकीत कोरडा ४३ आणि ओला २४. मागच्या जुलैच्या आठवणीवर न थांबता या वर्षी मृगाच्या पावसानंतर परत केला, कोरडा ३१, ओला २८. पंखे कितीही लावा, पाणी त्या ओल्या फडक्याच्या खाली जाणार नाही, उलट पंप आणि लाईटची गरमी त्यावर दोन-तीन डिग्री चढवणार. मे मधे २४ वर तीन चढले तर २७. जुलैत २८ वर दोन चढले तर ३०. एवढी साधी गोष्ट. गरम पाण्यात ऑक्सिजन पण कमी मावतो, आणि कोरलच्या अंगात राहणारं जे शेवाळ त्याला साखर करून देतं, ते आठवडेच्या आठवडे अशा गरमीत राहिलं की कोरल त्याला बाहेर काढून टाकतो आणि पांढरा पडतो. माझा लेदर मागच्या ऑगस्टमधे फिका पडला होता तो याच्यामुळे, आणि मी लाईट कमी जास्त करत बसलो होतो.

म्हणजे चिलर (फ्रीजसारखं पाणी थंड करणारं मशीन) घ्यायचा तो नागपूरच्या उन्हाळ्यासाठी नाही, पावसाळ्यासाठी. जूनमधेच घेतला, पाव एचपीचा. दुकानात सांगितलं कॅबिनेटमधे बसेल. बसला. आणि दुसऱ्या दिवशी कॅबिनेट आतून भट्टी, कारण चिलर पाण्यातली गरमी काढून कुठे टाकतो तर बाहेरच्या हवेत, वर कॉम्प्रेसरची आपली वेगळी. बंद कॅबिनेटमधे तो स्वतःचीच गरमी परत ओढत होता, बंदच होईना. शेवटी भिंतीला भोक पाडून मागच्या गॅलरीत नेला. भोक पाडणारा भाऊ आला तेव्हा टँकवर ओल्या चादरी आणि प्लास्टिक घालून मी बाजूला उभा, कारण सिमेंटची धूळ पाण्यात गेली की संपलं. पाईपवर फोम गुंडाळला नाही तर बाहेरून घाम सुटून भिंत ओली होते, हे पण एका आठवड्याने कळलं, पोपडे आल्यावर. लाईन गेली तर चिलर इन्व्हर्टरवर चालत नाही, फक्त वेवमेकर चालतो, पाणी हलतं राहिलं की दोन-तीन तास निभतं. थंडीत उलटं, डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० च्या खाली जातं तेव्हा हीटर, पण तो आणि चिलर एकाच टेंपरेचर कंट्रोलरला जोडलेत त्यामुळे दोघांचं भांडण होत नाही.

आज ऑगस्टची १० तारीख. या जुलैचं पान बघितलं तर २६, २६, २६, २६, अख्खा महिना. मी खुश, बाबा नाराज. म्हणाले, "रोज तोच आकडा काय लिहायचा, त्यापेक्षा मशीनच लिहू दे." दोन दिवस चौकोन कोरे राहिले. मग परवापासून त्यांनी दुसरा हिशोब सुरू केलाय, एटीओच्या टाकीत किती पाणी घातलं त्याचा. काल पाणी २ लिटर, दूध दीड.